परीक्षेचे वय

या श्रावणातल्या एका संध्याकाळी, पाऊस जरा उघडलेला पाहून माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. उद्यमबागेत त्याचे लहानसे मशीनशॉप आहे. हात अजून ऑइलचे होते, आणि त्या हातात दहा वर्षांच्या मुलाचा हात होता. चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"सर, नवोदयचा फॉर्म भरलाय. पोराला क्लासला घालू काय? आमच्या गल्लीतली सगळी घालायलेत."

क्लास म्हणजे निवासी क्लास. मूल आई-बापाला सोडून तिथेच राहायचे, रात्री एका हॉलमध्ये वीस-पंचवीस जणांनी ओळीने झोपायचे, पहाटे पाचला उठून आकृत्या सोडवायच्या. शाळेतली हजेरी तेवढी कागदोपत्री. फी विचारली तेव्हा त्याने सांगितलेला आकडा माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराहून मोठा निघाला. मी म्हटले, "दोन दिवस दे, सांगतो."

मी हायस्कुलाचा मुख्याध्यापक. पाचवीच्या मुलांशी माझा आता थेट संबंध येत नाही. शिवाय विषय इतिहास. त्यामुळे 'हे आले कोठून' हे पाहिल्याखेरीज कशालाच हो किंवा नाही म्हणवत नाही, ही जुनी खोड आहे. ते दोन दिवस मी कपाटातल्या पुस्तकांत आणि जुन्या टिपणवह्यांत घालवले. त्यातले थोडे वाचकांपुढे ठेवतो.

परीक्षेने माणूस निवडायचा, जन्माने नव्हे, ही कल्पना चीनची. सातव्या शतकाच्या आरंभी तिथे सरकारी अधिकारी निवडण्याची परीक्षा सुरू झाली, आणि १९०५ साली बादशाही हुकमाने ती बंद झाली. म्हणजे तेराशे वर्षे. पोराला अक्षरओळख होताच त्याच्याकडून प्राचीन ग्रंथ पाठ करून घ्यायला सुरुवात व्हायची, अर्थ नंतर. एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. पहिल्या पायरीची परीक्षा जो उत्तीर्ण झालेला नाही, त्याला तिथे 'बाल-विद्यार्थी' म्हणत, मग त्याचे वय काहीही असो. दाढी पिकलेले, नातवंडे झालेले 'बाल-विद्यार्थी' त्या परीक्षामंडपांत बसलेले असत. परीक्षा माणसाचे वय ठरवते ती अशी.

इंग्रजांनी ही कल्पना किती प्रमाणात चीनकडून उचलली यावर विद्वानांत वाद आहे. त्यात शिरत नाही. आपल्याशी संबंध येतो तो १८५५ सालापासून. कंपनी सरकारातल्या सनदी नोकऱ्या त्याआधी संचालकांच्या वशिल्याने मिळत. मेकॉलेच्या समितीने १८५४ साली अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा झाली. परीक्षा आली की तिच्या मागोमाग तिचा क्लास येतो, इथेही आला. रेन नावाच्या गृहस्थांचा लंडनमधला क्लास तर इतका नावाजला की तिथे न जाता पास होणारा उमेदवार हाच अपवाद वाटावा. इंग्रजीत अशा क्लासचालकांना 'क्रॅमर' म्हणत, म्हणजे कोंबणारा. तेव्हाच्या विलायती वर्तमानपत्रांनी या मंडळींची यथेच्छ टिंगल केली आणि टिंगल करणाऱ्यांनीही आपली मुले त्यांच्याकडेच धाडली.

१८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा उत्तीर्ण झाले. ते पहिले भारतीय. पण आपल्या कामाची कथा आहे १८६९ सालची. त्या वर्षी चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. यादी लागली आणि थोड्याच दिवसांत सुरेंद्रनाथ व ठाकूर या दोघांची नावे वयाच्या कारणावरून वादात सापडून यादीबाहेर गेली. कमाल मर्यादा २१ वर्षांची होती. घोटाळा कशाचा, तर आपल्या मोजण्याच्या रीतीचा. आपल्याकडे 'सोळावे लागले' की मूल सोळा वर्षांचे. इंग्रजांकडे सोळा पुरी व्हावी लागतात. मॅट्रिकच्या वेळी सुरेंद्रनाथांनी आपल्या रीतीने सांगितलेले वय विलायती रीतीने वाचले गेले, आणि एका वर्षाचा फरक पडला. ते क्वीन्स बेंचच्या न्यायालयात गेले, जिंकले. ठाकुरांचेही नाव परत यादीत आले, आणि सनदी नोकरीत शिरलेल्या पहिल्या मराठी माणसांत त्यांची गणना झाली. पुढे १८७६ साली सरकारने ही मर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचे ठरवले. हिंदुस्थानातून समुद्र ओलांडून जाणाऱ्या मुलाला एकोणिसाव्या वर्षाच्या आत इंग्रज मुलाच्या बरोबरीने लॅटिन-ग्रीक कसे यावे? न्याय सर्वांना सारखा, आणि दार मात्र ज्यांच्या घराजवळ होते त्यांनाच उघडे. सुरेंद्रनाथांनी त्याविरुद्ध देशभर दौरा काढला, त्याने आपल्या राजकीय चळवळीचा पाया घातला. मर्यादा १८९२ मध्ये वाढली, आणि परीक्षेचे केंद्र हिंदुस्थानात यायला १९२२ साल उजाडावे लागले.

जन्मतारखेचा हा प्रश्न आम्हा शाळामास्तरांच्या रक्तात आहे. आमच्या भागातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडून पाहा. पानेच्या पाने १ जून या तारखेने भरलेली दिसतील. बाप शेतावरून थेट शाळेत आलेला, "वय काय?" विचारले तर "मोठ्या पुराच्या साली झालाय" म्हणणारा. गुरुजींनी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहायचा, आणि टाकायचा १ जून. माझ्या वडिलांची जन्मतारीख तीच, सासऱ्यांचीही तीच.

असो. स्पर्धा परीक्षा मोठ्यांची होती तोवर ठीक होते. ती लहान मुलांच्या वर्गापर्यंत उतरली १८६२ साली, इंग्लंडात. रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने नियम केला की शाळेला अनुदान मिळेल ते मुलांच्या निकालावर. हजेरीचे सरासरी दर मुलामागे ४ शिलिंग, आणि वाचन, लेखन व गणित या तिन्हीत मूल पास झाले तर आणखी ८ शिलिंग. एकेका विषयात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले. इन्स्पेक्टर यायचा, एकेका पोराला उभे करायचा, वहीत खूण करायचा, आणि ती खूण म्हणजे मास्तरांच्या घरची भाकरी. मग मास्तर काय करणार? त्यांनी क्रमिक पुस्तक पोरांकडून मुखोद्गत करून घेतले. पुस्तक उलटे धरले तरी पोर घडाघडा वाची. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा इन्स्पेक्टर होता, आणि त्याने या पद्धतीवर आपल्या सरकारी अहवालांतच कोरडे ओढले आहेत.

हीच पद्धत 'निकालाप्रमाणे अनुदान' या नावाने मुंबई इलाख्यात आली आणि लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या शैक्षणिक ठरावापर्यंत टिकली. इन्स्पेक्टरांच्या हाताखालचे डेप्युटी म्हणजे आपल्या आजोबांच्या बोलण्यातले 'दिपोटी'. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जायची, पोरांना टोप्या घातल्या जायच्या, आणि कच्ची मुले त्या दिवशी आजारी पडायची. माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. ते नोकरीला लागले तोवर निकालाचे अनुदान जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती. पण दिपोटीच्या दिवशी कच्च्या पोरांना घरी ठेवण्याची रीत मात्र शाबूत होती, असे ते सांगत. सांगताना हसत, हेही आठवते.

याच काळात एका माणसाने या सगळ्या व्यवहारावर नेमके बोट ठेवले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच निवेदनात शिष्यवृत्तीविषयी एक मुद्दा आहे, तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. जोतीरावांचे म्हणणे असे की, शिष्यवृत्त्या स्पर्धेने देणे हे तात्त्विकदृष्ट्या न्याय्य दिसते खरे, पण त्याने इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्या मुलांना उत्तेजन मिळेल अशा रीतीने त्या द्याव्यात. ज्याच्या घरात चार पिढ्या पोथी आहे आणि ज्याच्या घरात दिवाच नाही, त्या दोघांना एका ओळीत उभे करून शिट्टी वाजवायची, याला त्यांचा आक्षेप होता. आज एकशेचाळीसहून अधिक वर्षांनी मी हे माझ्या जुन्या टिपणवहीत वाचत होतो, आणि टेबलावर नवोदयच्या फॉर्मची छापील प्रत पडलेली होती.

यानंतरचा टप्पा बुद्धिमापनाचा. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली पहिली कसोटी तयार केली. हेतू चांगला होता : वर्गात मागे पडणारी मुले वेळीच ओळखावीत आणि त्यांना जास्त मदत द्यावी. अमेरिकेत टर्मनने १९१६ साली तिची मोठी आवृत्ती काढली आणि मदतीची कसोटी पाहता पाहता निवडीची कसोटी झाली. हिंदुस्थानात प्रथम लाहोरच्या राइस नावाच्या प्राध्यापकाने १९२२ च्या सुमारास ती हिंदुस्थानी भाषेत आणली. त्यानंतरचे नाव मात्र आपल्या भागाचे आहे आणि आपल्यालाच ते माहीत नसते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली बिने कसोटीची मुंबई-कर्नाटक आवृत्ती तयार केली, ती एकाच वेळी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. त्यासाठी त्यांनी हजाराच्या आसपास मुलांची तपासणी केली. 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हे त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयांत अनेक वर्षे 'कामत कसोटी' म्हणून ती शिकवली जाई.

दोन भाषांत कसोटी करायची म्हणजे नुसते भाषांतर करून भागत नाही, हे दुभाषी मुलखात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. एक साधे उदाहरण घ्या. टर्मनच्या कसोटीत आठ वर्षांच्या मुलाला वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणायचे असतात. कन्नड मूल एकोणीसला 'हत्तोंबत्तु' म्हणते, म्हणजे दहा-नऊ. मराठी मूल 'एकोणीस' म्हणते, म्हणजे वीसला एक कमी. जो आकडा आता मागे टाकला त्याच्याकडेच त्या शब्दात पुन्हा पाहावे लागते. मोठ्या आकड्यांत तर गंमतच. ४३ लिहिताना डोळ्यांपुढे आधी चार येतो, पण 'त्रेचाळीस' म्हणताना तोंडात आधी तीन. कन्नडात 'नलवत्तमूरु', सरळ चाळीस-तीन. आमच्या मराठी शाळेतले दुसरीतले पोर 'त्रेचाळीस' ऐकून ३४ लिहिते तेव्हा ते मंद नसते. भाषेने सांगितले तसे ते लिहीत असते. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन दिले तेव्हा केवढा गदारोळ झाला! टीव्हीवरचे विनोद मीही ऐकले. आपले आकडे मला प्रिय आहेत आणि ते जावेत असे मी कधी म्हणणार नाही. पण घड्याळ लावून मुलाला गणिते घालताना, त्याची जीभ आणि त्याची पेन्सिल उलट दिशांनी चालते, हे परीक्षा घेणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे की नको?

आता इंग्लंडकडे पुन्हा एकदा जाऊन येऊ, कारण कोवळ्या वयातल्या प्रवेश परीक्षेचा सर्वांत मोठा प्रयोग तिथे झाला. १९४३ साली नॉरवुड समितीने मुले तीन जातींची असतात असे ठरवले : ग्रंथात रमणारी, यंत्रात रमणारी आणि नुसती व्यवहारात रमणारी. १९४४ च्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळा संपवणाऱ्या प्रत्येक मुलाची परीक्षा होऊ लागली. गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन. तिला 'इलेव्हन प्लस' म्हणत. साधारण चारांतल्या किंवा पाचांतल्या एकाला ग्रामर स्कूल, उरलेल्यांना बहुधा साधी 'मॉडर्न' शाळा. पास झालास तर सायकल, असे वचन द्यायची बापांची रीत होती. एकाच घरातल्या दोन भावांना दोन वेगळ्या गणवेशांत वेगवेगळ्या दिशांना जावे लागे.

मजा अशी की, या परीक्षेला सराव करून उपयोग नाही, कारण ती जन्मजात बुद्धी मोजते, असे तिचे पुरस्कर्ते सांगत होते. पुढे मानसशास्त्रज्ञांनीच दाखवून दिले की थोड्या शिकवणीनेही गुण वाढतात. ज्यांना शिकवणी परवडत होती त्यांना हे आधीच ठाऊक होते. शिवाय जागा भागाभागांत कमीजास्त होत्या, त्यामुळे एका जिल्ह्यात 'हुशार' ठरणारे मूल शेजारच्या जिल्ह्यात नापास होई. आणि त्या वयात मुली मुलांपेक्षा जास्त गुण मिळवत म्हणून अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी पासाची रेषा वर सरकवलेली असे. बुद्धी बहुतांशी आनुवंशिक असते हे मत तिथे पसरवणारे सर सिरिल बर्ट यांच्या आकडेवारीवर त्यांच्या मृत्यूनंतर, १९७४ पासून, गंभीर शंका घेतल्या गेल्या. त्यांचा चरित्रकारही अखेर तिच्यावर विश्वास ठेवू शकला नाही. पण तोवर दोन पिढ्या त्या चाळणीतून गेलेल्या होत्या. १९६५ साली सरकारने परिपत्रक काढून ही विभागणी मोडायला सांगितले. बहुतेक जिल्ह्यांनी ती मोडली, सगळ्यांनी नाही. इंग्लंडात आजही दीडशेहून अधिक ग्रामर स्कूले आहेत, आणि त्यांच्या आसपास काय वाढते ते वाचकांनी ओळखलेच असेल.

आपल्या दारातली कथा लष्करी शाळांपासून सुरू होते. बेळगावची किंग जॉर्ज शाळा १९४५ ची, म्हणजे आजचे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल. मुळात ती सैनिकांच्या मुलांसाठी. १९५२ पासून इतरांनाही दार उघडले. १९६१ साली साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. तिच्यामागे यशवंतराव चव्हाणांचा पुढाकार होता. १९६३ मध्ये विजापूरची निघाली. आमच्या भागातल्या घरांना हे एकदम भावले. गावागावांत मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शन घेऊन आलेले सुभेदार, हवालदार. पोराने अधिकारी होऊन यावे ही त्यांची आस. त्या काळी तयारी म्हणजे शाळेतल्या एखाद्या हौशी गुरुजींनी संध्याकाळी ओसरीवर कंदील ठेवून घेतलेली गणिते. फी म्हणून कोणी भुईमुगाच्या शेंगा आणून द्यायचे.

सातवीच्या परीक्षेला तेव्हा आमच्याकडे 'मुलकी' म्हणत. ती सगळ्यांची होती. सैनिक शाळेची परीक्षा मोजक्यांची. नवोदयने ही हद्द मोडली. १९८५-८६ मध्ये हरियाणातले झज्जर आणि आपले अमरावती इथे पहिली दोन विद्यालये निघाली, १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. आमच्या जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातल्या कोथळीला. योजना मनापासून चांगली, हे मी आजही म्हणतो. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, राहणे-खाणे-शिकणे फुकट, आणि प्रश्नपत्रिका मुलाच्या शिकण्याच्या भाषेत. जोतीरावांचा आक्षेप कोणीतरी ऐकला होता असे वाटावे. पण वर्गात जागा जास्तीत जास्त ८०, आणि परीक्षा आयुष्यात एकदाच. दोन तासांत ८० प्रश्न. त्यांतले ४० बुद्धिमापनाचे. आकृतीतली वेगळी कोणती, आरशात कशी दिसेल, कागद दुमडून कापला तर उघडल्यावर कसा दिसेल. वर्गातल्या पाठ्यपुस्तकात हे काही नसते. म्हणजे जे शाळा शिकवत नाही त्यावर निम्मे गुण. मग क्लास निघणार नाहीत तर काय होईल?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने लहान मुलांना प्रवेश देताना चाळणी लावायला मनाई केली. नवोदय आणि सैनिक शाळांच्या परीक्षा मात्र चालू राहिल्या. २०२१ पासून सैनिक शाळांत सहावीला मुलींनाही प्रवेश मिळू लागला, ही चांगली गोष्ट झाली, आणि क्लासांची गिऱ्हाइके दुप्पट झाली, हीही एक गोष्ट झाली.

इथपर्यंत इतिहास. आता जे लिहायचे ते लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला.

१९९२ मध्ये मी प्राथमिक शाळेत नोकरीला लागलो. एम.ए. बाहेरून पुढे झालो. तेविसाव्या वर्षी अंगात उत्साह मावत नव्हता. पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता, ४३ मुले. मी ठरवले, आमच्या शाळेचे मूल नवोदयला गेलेच पाहिजे. एका शनिवारी सकाळी वीस प्रश्नांची चाचणी घेतली आणि पहिले बारा निवडले. ते पुढच्या चटईवर. दुपारचे दोन तास मी त्या बाराजणांना आकृत्या, गणिते, उतारे शिकवायचो. उरलेल्या एकतीस जणांना पाठीमागे बसवून शुद्धलेखन दिलेले असायचे, मॉनिटर लक्ष ठेवायचा. फी एक पैसा घेतली नाही. त्या वेळी मला यात चूक काही दिसली नाही. उलट मोठेपणाच वाटला. बाराजणांतला एक निवडला गेला. गावाने माझा सत्कार केला. नारळ, फेटा आणि एक स्टीलचा तांब्या. तो तांब्या अजून घरात आहे.

ज्या विद्यार्थ्याची गोष्ट मी आरंभी सांगितली, तो त्या एकतीस जणांतला.

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला चिनी बाल-विद्यार्थी, ठाकुरांचे वय, इलेव्हन प्लस असे काय काय सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मास्तर बोलू लागले की ऐकून घ्यायचे, ही त्या पिढीची सवय. मग म्हणाला, "ते सगळं खरं सर. पण तवा तुम्ही मला त्या बारात घेतला नव्हतासा. त्या शनिवारी म्हस व्याली म्हणून मला यायला उशीर झाला होता. निम्मा पेपर राहिला. म्हणून म्हटलं, पोराचं तसं व्हायला नको."

आवाजात तक्रार नव्हती. म्हशीचे ते मला आजवर माहीत नव्हते. त्या दिवशी उशीर का झाला असे मी विचारलेच नसणार.

मी काय उत्तर द्यावे? क्लासला घालू नको म्हणावे, तर मीच तीस वर्षांपूर्वी क्लास काढला होता, आणि तो फुकट होता एवढ्याने त्याच्यापुरता फरक काही पडला नव्हता. घाल म्हणावे, तर दहा वर्षांचे पोर जानेवारीपर्यंत आईला सोडून हॉलमध्ये झोपणार. शेवटी म्हटले, "निवासी नको. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे पाठव. जुने पेपर बघू. निवड झाली तर झाली."

"आणि न्हाई झाली तर?"

"तर आठवीला आमच्या हायस्कुलात येईल. तेव्हाही मी असेन. निवृत्तीला अजून वेळ आहे."

तो हसला. फॉर्मची प्रत मी चष्मा लावून पुन्हा तपासली. माध्यमाच्या रकान्यात मराठी होते. ते आधी पाहावे लागते. आमच्या भागात एका मुलीच्या फॉर्मवर कोणीतरी चुकून दुसरेच माध्यम भरल्याने तिला परीक्षेच्या दिवशी न वाचता येणारी प्रश्नपत्रिका हातात मिळाल्याचे मी पाहिले आहे, आणि ती एकदाच मिळणारी संधी होती. जन्मतारीख पाहिली. दवाखान्यातल्या दाखल्याबरहुकूम, फेब्रुवारीतली.

तेव्हापासून पोर येते. हुशार आहे की नाही, मी अजून ठरवलेले नाही. आरशातल्या आकृत्या त्याला चटकन येतात, बापाच्या मशीनशॉपमध्ये खेळत वाढल्यामुळे असेल. गणितात 'एकोणसत्तर' म्हटले की क्षणभर थांबते, मग लिहिते. मी घड्याळ लावत नाही. पहिल्या गुरुवारी एकटे आले होते. दुसऱ्या सोमवारी गल्लीतली आणखी तीन पोरे घेऊन आले, त्यांतली एक मुलगी. त्यांतल्या एकाने फॉर्मच भरलेला नाही. सगळे येतात म्हणून तोही आला. त्यालाही पुढच्या चटईवर बसवून घेतले.